क्रमांक दोनशे चोवीस

आमच्या घरात विमान चालवणारी व्यक्ती एकच, ती म्हणजे माझी बायको. मी शाळेत गणित शिकवतो. सायकलखेरीज कुठलंही वाहन मला धड चालवता येत नाही, आणि सायकलबद्दलही आमच्या आईचं मत वेगळं आहे.

बातमी आली त्या सकाळी ही युनिफॉर्मचा शर्ट इस्त्री करत होती. हिच्या कंपनीला मोठ्या कंपनीने विकत घेतलं होतं. हिची कंपनी म्हणजे सत्तर आसनांची, पंख्यांची अकरा विमानं आणि एकशे चौसष्ट वैमानिक. मोठ्या कंपनीकडे नऊशे वैमानिक, आणि विमानं एवढी मोठी की त्यातल्या एकात आमची अख्खी शाळा मावेल. ही अठ्ठावीस वर्षांपूर्वी नोकरीला लागली तेव्हा कंपनीकडे तीनच विमानं होती. आता वय सत्तावन्न, हुद्दा कॅप्टन, आणि वैमानिकांच्या यादीत क्रमांक नऊ.

"म्हणजे पगार वाढेल?" आईने विचारलं. आई निवृत्त नर्स. पंचाहत्तरी उलटली तरी प्रश्न वॉर्डात राउंड घेतल्यासारखे विचारते.

"पगाराचं माहीत नाही, आई. यादीचं काय होतंय ते बघायचं."

"कसली यादी?"

तेव्हा मी आईला समजावलं, कारण समजावणं हा माझा धंदा आहे. वैमानिकाचं सगळं आयुष्य एका क्रमांकावर चालतं. कोण कुठलं विमान उडवणार, कुणाला कुठला मार्ग मिळणार, कुणाला रविवारची सुट्टी, कोण आधी कॅप्टन होणार आणि मंदी आली तर कोण आधी घरी बसणार, हे सगळं त्या यादीतल्या जागेवर ठरतं. नोकरीला लागलेल्या दिवसापासून माणूस त्या रांगेत एकेक पाऊल पुढे सरकत असतो. आता दोन रांगांची एक रांग करायची होती. कोण कुणाच्या पुढे उभा राहणार, हा झगडा होता.

"अगं बाई," आई म्हणाली, "मला वाटलं आभाळात तरी मोकळं असेल."

पंधरा दिवसांत हिच्या कंपनीतल्या वैमानिकांनी वाटाघाटींसाठी तिघांची समिती निवडली. हिला नको होतं. "मी भांडायला गेले की आधी समोरच्याचं ऐकून घेते, माझा काय उपयोग?" असं ही म्हणत होती, पण सगळ्यात जास्त मतं हिलाच पडली. समितीत दुसरे होते एक निवृत्तीला आलेले कॅप्टन, ते बहुतेक वेळ गप्प असत. तिसरा होता एक को-पायलट. त्याला सगळे 'पुढचा' म्हणत, कारण कॅप्टन होण्याच्या रांगेत तीन वर्षं तो 'पुढचा' होता आणि पुढची जागा काही रिकामी होत नव्हती. बारा वर्षं नोकरी झालेली, हात सोन्यासारखा, डोकं जरा गरम. त्याला विमानाचं शिक्षण कुणी दिलं विचाराल तर हिनेच.

रविवारी सकाळी आमच्या जेवणाच्या टेबलावर ते तिघे कागद पसरून बसत आणि हिशेब अडला की मला हाक मारत. त्यामुळे मला सगळं कळत गेलं.

मोठ्या कंपनीच्या वैमानिकांचं म्हणणं सरळ होतं: आमचे नऊशे आधी, त्यांच्याखाली तुमचे एकशे चौसष्ट. म्हणजे अठ्ठावीस वर्षं विमान उडवलेली माझी बायको कालपरवा लागलेल्या पंचवीस वर्षांच्या पोरापोरींच्या खाली. 'पुढचा' टेबलावर हात आपटून म्हणाला, "आपण एकच मागायचं. नोकरीला लागल्याची तारीख. ज्याची तारीख आधी, तो वर. यात न्याय आहे."

ऐकायला ते बरोबर वाटत होतं. मी तारखांप्रमाणे यादी लावून पाहिली. मोठी कंपनी गेल्या सहा वर्षांत भराभर वाढली होती, तिच्यातले निम्म्याहून जास्त लोक नवे होते. तारखेने गेलं तर आमचे बहुतेक जण एका उडीत शेकडोंच्या डोक्यावरून वर जात होते. त्यांच्यातले आज कॅप्टन असलेले किती तरी जण आमच्या को-पायलटांच्या खाली येत होते. ही एकसष्टावी येत होती.

हिने ती यादी बराच वेळ पाहिली. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मास्तर," ही मला कायम मास्तरच म्हणते, "हे त्यांच्याएवढंच वाईट आहे, फक्त आपल्या बाजूने."

"मॅडम, आपण आपल्या बाजूने भांडायला बसलोय," 'पुढचा' म्हणाला.

"माहीत आहे रे. म्हणून तर आपण काय मागतोय ते धड दिसायला हवं."

तरी बहुमताने तारखेचीच मागणी गेली. ही समितीत होती. समितीचा निर्णय हिने पाळला.

चार महिने बैठका झाल्या. समोरच्या समितीचे प्रमुख एक उंचेपुरे कॅप्टन होते, पांढऱ्याशुभ्र मिशांचे. आमच्या घरात त्यांचं नाव 'मिशीवाले' पडलं. गोड बोलत आणि एक इंचही हलत नसत. शेवटी प्रकरण लवादाकडे जायचं ठरलं. त्याच्या आठवडाभर आधी मिशीवाल्यांनी हिला एकटीला कॉफीला बोलावलं.

संध्याकाळी ही घरी आली, हात धुतले, सुरी घेऊन भाजी चिरायला बसली. हिला काही टोचत असलं की ही भाजी फार बारीक चिरते.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"म्हणाले, लवाद-बिवाद कशाला. तुमच्यातल्या वरच्या पंचवीस जणांना तारखेप्रमाणे जागा देतो. उरलेल्या एकशे एकोणचाळीस जणांनी आमच्या सगळ्यांच्या खाली जायचं. तुम्ही सही करा, वरचे पंचवीस तुमचं ऐकतील."

मला हिशेब करावा लागला नाही. क्रमांक एकसष्ट. एकसष्ट म्हणजे वर्षभरात मोठ्या विमानाची डावी, म्हणजे कॅप्टनची खुर्ची. समुद्र ओलांडणारी उड्डाणं. हे स्वप्न हिने मला लग्नाआधी सांगितलं होतं, आणि छोट्या कंपनीत ते पुरं होणार नाही हे कळल्यावर पुन्हा कधी काढलं नव्हतं. आता निवृत्तीला आठ वर्षं उरली होती.

मी जे बोललो त्याची मला आजही लाज वाटते, पण लपवण्यात अर्थ नाही. मी म्हणालो, "घे ना. अठ्ठावीस वर्षं राबलीस. एकदा तरी स्वतःचं बघ."

हिची सुरी थांबली. आई खुर्चीत पेपर वाचत होती. तिने पेपर खाली केला आणि माझ्याकडे असं बघितलं की मी पुन्हा तिसरीत गेलो.

"आई, मी काही चुकीचं..."

"तू गप्प बस. तिला बोलू दे."

ही म्हणाली, "त्या एकशे एकोणचाळीसांतल्या साठ-सत्तर जणांना मी शिकवलंय. दरीतल्या त्या आखूड धावपट्टीवर पहिल्यांदा उतरताना शेजारी मी होते. धुक्यात धावपट्टी दिसली नाही तर लाजू नका, मागे फिरा, असं मीच सांगितलंय. आता त्यांच्या माथी अख्खी कंपनी बसवून मी वर जाऊ? मग दुसऱ्या दिवशी कुठल्या तोंडाने त्यांच्याबरोबर चेकलिस्ट वाचू?"

"मग नाही म्हणालीस?" मी विचारलं.

"कॉफी संपायच्या आत."

आईने पेपर पुन्हा वर घेतला. "मीठ बघून घाल गं," ती पेपराआडून म्हणाली. "तुझं लक्ष नाहीये." आमच्या आईची शाबासकी एवढीच असते.

सुनावणी एका हॉटेलच्या सभागृहात पाच दिवस चालली. लवाद म्हणून एक निवृत्त न्यायाधीश बाई होत्या. लहानखुऱ्या, बारीक आवाजाच्या, आणि समोर तीन रंगांच्या पेन्सिली. हिची साक्ष चौथ्या दिवशी होती. मी शाळेतून रजा काढून मागच्या रांगेत बसलो. डाव्या बाजूला आमचे वैमानिक, उजव्या बाजूला त्यांचे. मध्ये पायवाटेएवढी जागा, आणि ती कुणी ओलांडत नव्हतं.

मोठ्या कंपनीच्या वैमानिकांचा वकील उभा राहिला. तरुण, चुणचुणीत.

"कॅप्टन, तुमचं विमान किती आसनांचं?"

"सत्तर."

"आणि आमच्या सगळ्यात मोठ्या विमानात तीनशेवर. या दोन कामांची तुलना होऊ शकते असं तुम्हाला वाटतं?"

"आसनं मोजून वैमानिक ठरवायचा असेल," ही म्हणाली, "तर आगगाडीचा ड्रायव्हर आपल्या सगळ्यांच्या वर बसेल."

डावी बाजू हसली. उजव्या बाजूलाही दोघं-तिघं हसले आणि मग खोकले. न्यायाधीश बाईंनी पेन्सिल उचलली. हिने पुढे शांतपणे सांगितलं की आमची विमानं दिवसाला सहा-सहा वेळा उतरतात, तीन बाजूंनी डोंगर असलेल्या धावपट्ट्यांवर, आणि बहुतेकदा वैमानिकाच्या स्वतःच्या हाताने. मोठी विमानं चालवणं सोपं आहे असं ही म्हणत नाही, कारण ती हिने चालवलेली नाहीत. पण काम कमी प्रतीचं आहे असं कुणी म्हणू नये.

इथपर्यंत सगळं छान होतं. मग वकिलाने एक कागद पुढे केला.

"कॅप्टन, एक साधा प्रश्न. तुमच्या बाजूची मागणी तारखेची आहे. ती मान्य झाली तर तुमचा एक को-पायलट, जो आजवर एकदाही कॅप्टन म्हणून उडालेला नाही, आमच्या दीडशेहून जास्त कॅप्टनांच्या वर बसेल. तुम्ही शपथेवर आहात. हे तुम्हाला न्याय्य वाटतं?"

आमचा वकील अर्धवट उठला. 'पुढचा' पहिल्या रांगेत होता. तो को-पायलट म्हणजे तोच होता. त्याची मान ताठ झालेली मला मागून दिसली.

हिने एकदा 'पुढच्या'कडे बघितलं. मग म्हणाली, "नाही. न्याय्य नाही."

डावीकडून असा आवाज आला की जणू कुणी खुर्चीच ओढून घेतली.

"आभार," वकील म्हणाला आणि खाली बसायला लागला.

"माझं उत्तर संपलं नाही," ही म्हणाली. न्यायाधीश बाईंनी हातानेच वकिलाला थांबवलं.

"ज्याच्याबद्दल तुम्ही बोलताय तो बारा वर्षं उडतोय. त्याला गेल्या वर्षी लागलेल्या तुमच्या को-पायलटच्या खाली टाकणं हेही तेवढंच अन्यायाचं आहे, आणि तुमची मागणी नेमकी तीच आहे. मला विचाराल तर आज ज्याच्याजवळ जे आहे ते त्याच्यापासून काढून घेऊ नका. तीनशे आसनांची विमानं फक्त तुमच्याकडे होती, त्यांचे कॅप्टन सगळ्यात वर राहू देत. त्याखाली तुमचे बाकीचे कॅप्टन आणि आमचे कॅप्टन संख्येच्या प्रमाणात मिसळा. त्याखाली को-पायलट, तसेच मिसळून. कुणीच खूश होणार नाही. पण कुणी लुटलाही जाणार नाही."

"आणि त्या हिशेबात तुमचा स्वतःचा क्रमांक?" हा प्रश्न न्यायाधीश बाईंनी विचारला.

"माझे मिस्टर गणिताचे शिक्षक आहेत. त्यांच्या हिशेबाने दोनशे चोवीस."

"आणि तुमच्या बाजूची मागणी मान्य झाली तर?"

"एकसष्ट."

बाईंनी लाल पेन्सिल घेतली आणि काहीतरी लिहिलं. मी मागच्या रांगेत खिशात रुमाल शोधत होतो, तेव्हा शेजारच्या अनोळखी माणसाने मला पाणी दिलं. तो उजव्या बाजूचा होता हे मला नंतर कळलं.

निकालाला सहा आठवडे लागले. ते आठवडे हिने कसे काढले ते मी पाहिलं आहे. वैमानिकांच्या फोनवरच्या ग्रुपमध्ये हिला 'फितूर' म्हटलं गेलं. पहिला तो शब्द लिहिणारा 'पुढचा'च होता. विश्रांतिकक्षात ही बसली की त्या टेबलावरचे लोक कपबश्या घेऊन उठत. आई हिच्या ताटात न विचारता जास्तीचं वाढे आणि ही न बोलता खाई.

त्यातच रोस्टरने हिची आणि 'पुढच्या'ची चार दिवस एकत्र ड्युटी लावली. मी म्हणालो, "बदलून घे."

"का म्हणून?"

चौथ्या दिवशी दुपारी ही परत आली, बूट काढले आणि सोफ्यावर बसून हसायला लागली. मला वाटलं ताणाने काहीतरी झालं.

"काय गं?"

"चार दिवस पोरगं माझ्याशी कामापलीकडे एक अक्षर बोललं नाही. गुड मॉर्निंगसुद्धा नाही. पण कामाचं एक अक्षर कमी केलं नाही, मास्तर. आज दरीत आडवा वारा होता, विमान त्याच्या हातात होतं. खाली येताना त्याला पटेना, तेव्हा मला न विचारता म्हणाला, 'मागे फिरतोय.' फिरला. दुसऱ्यांदा असं अलगद उतरवलं की मागे लोकांना कळलंही नसेल." हिचे डोळे चमकत होते. "माझ्यावर एवढा चिडलाय, तरी नजर काट्यांवर. माझ्या हाताखाली तयार झालाय तो."

ज्याने फितूर म्हटलं त्याच्याबद्दल हे बोलणारं माणूस माझ्या घरात राहतं, याचं मला त्या दुपारी जे वाटलं ते मी कुणाला सांगितलं नाही. इथे सांगतोय: अभिमान वाटला.

निकाल आला तेव्हा मी आठवीच्या वर्गावर होतो. फोन वाजला. मी वर्गात कधी फोन घेत नाही, त्या दिवशी घेतला.

"दोनशे चोवीस," ही म्हणाली.

मोठ्या विमानाची ती खुर्ची आता हिच्या निवृत्तीआधी मिळणार नव्हती, हे दोघांनाही ठाऊक होतं.

"मास्तर, ऐकतोस ना? खालपर्यंत वाचलं मी. एकशे चौसष्टच्या एकशे चौसष्ट. सगळे आपापल्या जागी आहेत. एकही पोर तळाला ढकललेलं नाही." आणि मग ही रडली. अठ्ठावीस वर्षांत कामापायी हिला रडताना मी पहिल्यांदा ऐकलं. समोर चाळीस मुलं टक लावून बघत होती. मी त्यांना सांगितलं की प्रमाण या विषयावरचं एक मोठं उदाहरण आत्ताच सुटलं आहे, आणि उरलेला तास त्यांना खेळायला सोडून दिलं.

निकालपत्रात न्यायाधीश बाईंनी लिहिलं होतं: "दोन्ही पक्षांच्या मागण्या मी फेटाळते. या प्रकरणात स्वतःच्या हिताविरुद्ध सत्य सांगणारी एकच साक्ष झाली, आणि निर्णयाचा पाया मी त्याच साक्षीवर ठेवला आहे." आईने ते पान माझ्याकडून मोठ्याने वाचून घेतलं. मग चष्मा पुसून पुन्हा एकदा वाचायला लावलं.

त्या शनिवारी सकाळी 'पुढचा' बायकोला घेऊन आमच्याकडे आला. त्याचा क्रमांक आला होता पाचशे एक्याऐंशी, को-पायलटांमध्ये अगदी वरचा. नव्या कंपनीत जागा भराभर निघत होत्या. वर्षभरात तो कॅप्टन होणार होता. दारातच उभा राहिला.

"मॅडम, मी तुम्हाला फितूर म्हटलं."

"वाचलं मी. चहा घेणार?"

"मॅडम, मला बोलू द्या..."

"बोल, पण बसून बोल. उंबऱ्यावर उभा राहून पायांना रग लागेल."

तो बसला. शेवटी त्याची बायकोच म्हणाली, "सहा आठवडे हे नीट जेवलेसुद्धा नाहीत." आई आतून म्हणाली, "मग आज जेवूनच जा." आणि ते जेवून गेले.

नवी यादी लागू झाल्यावर ही जेट विमानाच्या प्रशिक्षणाला गेली. दोन महिने वर्गात, अर्ध्या वयाच्या मुलांच्या शेजारी. घरी येऊन वही उघडायची, चित्रं काढायची, मला प्रश्न विचारायला लावायची. मला त्या विमानातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण उत्तर चुकलं की हिच्या चेहऱ्यावरून कळायचं. सिम्युलेटरच्या परीक्षेला परीक्षक म्हणून कोण असावं? मिशीवाले. चार तास त्यांनी हिला एकामागून एक बिघाड दिले. इंजिन बंद, धूर, वादळ. शेवटी दिवे लागले तेव्हा ते म्हणाले, "पास." आणि मग, कागदावर सही करता करता, "माझा जावई आमच्या को-पायलटांत आहे. तुमच्या बाजूने मागितलेली तारखेची यादी लागली असती तर तो शंभरएक जागा खाली गेला असता. तुमच्या त्या एका 'नाही'मुळे वाचला. मी त्या दिवशी तुम्हाला कॉफी पाजायला नको होती."

"कॉफी चांगली होती," ही म्हणाली.

एकत्र झालेल्या वैमानिकांच्या नव्या संघटनेची निवडणूक पुढच्याच महिन्यात होती. अध्यक्षपदासाठी हिचं नाव सुचवणाऱ्याची सही मिशीवाल्यांची, आणि अनुमोदन 'पुढच्या'चं. हिने अर्ज भरायला दोन दिवस घेतले. "उड्डाणं सोडणार नाही, आठवड्यातून एकच दिवस खुर्चीत बसेन," अशी अट घातली, ती त्यांनी मानली.

मोजणीच्या दिवशी मी, आई आणि ही संघटनेच्या कार्यालयाबाहेरच्या बाकावर बसलो होतो. आईने येण्याचा हट्टच धरला होता. हिला पडलेल्या मतांचा आकडा दारावर लागला: सातशे अकरा.

मी खिशातून पेन काढून हातावरच वजाबाकी केली. छोट्या कंपनीचे एकूण एकशे चौसष्ट. त्या सगळ्यांनी हिला मत दिलं असं धरलं, तरी पाचशे सत्तेचाळीस मतं मोठ्या कंपनीच्या वैमानिकांची होती. जे हिला रांगेच्या तळाला उभं करायला निघाले होते, त्यांतल्या निम्म्याहून जास्त लोकांनी आपलं गाऱ्हाणं मांडायला हिला निवडलं होतं.

मी आईला हात दाखवला. तिने आकडा वाचला, मग सुनेकडे बघितलं. ही आत जायला उठली होती, कारण दारात लोक जमले होते आणि हिला हाका मारत होते.

"अगं थांब," आई म्हणाली. तिने हिच्या खांद्यावरचा सुटलेला धागा तोडला, कॉलर नीट केली आणि मागे सरकली. "जा आता."

ही आत गेली. आईने पर्स मांडीवर घेतली, पाठ ताठ केली आणि बाकावर शेजारी येऊन बसलेल्या अनोळखी तरुण वैमानिकाला, त्याने काही विचारलेलं नसताना, म्हणाली, "माझी सून आहे ती."